ओळीत ओळ बसविणारे बॅबेज



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र येते. संतांची झाली, समाजसुधारकांची झाली, शिक्षणासाठी झटलेल्या स्त्रियांचीही झाली. यंदा चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी एक परदेशी गृहस्थ निवडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा गणिताच्या खोल पाण्यात मी कोणाला नेणार नाही. लेकीने पुस्तके आणून दिली, अडले तिथे समजावून सांगितले, आणि जे मला नीट उमगले तेवढेच इथे मांडते आहे.

ह्या गृहस्थांचे नाव चार्लस बॅबेज. संगणकाचे जनक म्हणून मुलांच्या पुस्तकात त्यांचे नाव एका ओळीत येते आणि पुढचा धडा सुरू होतो. मला मात्र त्यांच्या चरित्रातील निराळीच गोष्ट मोठी वाटली. हिशेब करणारे यंत्र त्यांनी योजिले हे तर खरेच. पण हिशेबाचा आकडा पानावर कोणत्या ओळीत बसावा, कोणत्या रकान्यात उतरावा, दोन ओळींत किती जागा सुटावी, हेही यंत्रानेच करावे असा त्यांचा आग्रह होता. हिशेब बरोबर असून तो चुकीच्या जागी छापला गेला तर तो चुकल्यातच जमा, हे त्यांनी ओळखले होते. जमाखर्चाची वही ठेवणाऱ्या कोणत्याही बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. वडील बेंजामिन हे पेढीवाले, पैशाने भक्कम आणि स्वभावाने कडक. आई बेट्सी मात्र मायाळू होती. लहानपणी चार्लस सारखा तापाने आजारी असे. कोणतेही नवे खेळणे हाती आले की ह्याच्या आत काय आहे, असा त्याचा पहिला प्रश्न असे. आणि उत्तराने समाधान झाले नाही तर खेळणे उघडले जाई. आपल्या घरीही अशी मुले असतात आणि आपण त्यांना रागावतो. ह्या मुलाची ती खोड जन्मभर टिकली.

१८१० साली ते केंब्रिजला शिकायला गेले. तिथे जॉन हर्शेल नावाचे मित्र मिळाले. ही मैत्री जन्मभराची ठरली. १८१४ साली त्यांनी जॉर्जियाना व्हिटमोर हिच्याशी लग्न केले. वडिलांना हे लग्न पसंत नव्हते. पण संसार सुखाचा झाला. आठ मुले झाली; मात्र त्या काळच्या रीतीप्रमाणे मृत्यूचीही ये-जा घरात असे, आणि अखेर तीनच मुलगे मोठे होऊन मार्गी लागले.

आता त्या काळचे मुख्य दुखणे काय होते ते सांगते. आपल्या घरी पंचांग असते. तिथी, वार, नक्षत्र असे रकाने, आणि त्यांत घटका-पळांचे किंवा तासा-मिनिटांचे आकडे. एका रकान्यातला आकडा शेजारच्या रकान्यात सरकला किंवा एक ओळ वर गेली, तर चतुर्थीचा उपास भलत्याच दिवशी घडेल. तिकडे समुद्रावरील जहाजांना अशाच आकड्यांच्या कोष्टकांवर वाट शोधावी लागे. चंद्र-ताऱ्यांच्या जागा पाहायच्या, कोष्टक उघडायचे आणि आपण कुठे आहोत ते काढायचे. उपास चुकला तर दुसरा करता येतो. जहाज खडकावर गेले तर माणसे परत येत नाहीत.

ही कोष्टके माणसे हाताने करीत. चूक शिरायला तीन दारे होती. पहिले गणित करताना. दुसरे ते गणित स्वच्छ उतरून काढताना. तिसरे दार छापखान्याचे. तिथे जुळारी एकेक आकड्याचा खिळा उचलून ओळ जुळवी. सहाच्या जागी नऊ बसे, दोन आकडे एकमेकांच्या जागी जात. सगळे नीट जुळून तपासून झाले तरी छापताना एखादा सैल खिळा शाईबरोबर निघून येई आणि छापणारा तो घाईने दुसऱ्याच जागी खोचून देई. मुद्रिते तपासून झालेली असत, त्यामुळे ही चूक कोणाच्या नजरेस पडत नसे.

१८२१ साली बॅबेज आणि हर्शेल हे दोघे खगोलाची अशी काही कोष्टके तपासायला बसले. दोन जणांकडून निरनिराळी करवून घेतलेली तीच गणिते समोर ठेवून ते ताळा पाहत होते. पानोपानी फरक निघू लागले. बॅबेज वैतागले, आणि ही कामे वाफेच्या यंत्राने झाली तर किती बरे, असे त्यांच्या तोंडून निघून गेले. बोलणे त्राग्याचे होते. पण त्यातून पुढची पन्नास वर्षे ठरली.

त्यांची युक्ती मला क्रोशाच्या विणकामावरून समजली. गोल रुमाल विणताना आपण प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवितो. प्रत्येक वेळी पहिल्यापासून मोजत नाही. आकड्यांचेही तसेच. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. त्यांच्यातील फरक ३, ५, ७, ९. आणि ह्या फरकांतील फरक प्रत्येक वेळी २. म्हणजे दोन मिळवीत गेले की गुणाकार न करताच पुढचे सारे वर्ग मिळतात. नुसती बेरीज करायची असेल तर ती दातेरी चाकांना शिकविता येते. फरकांवर चालणारे म्हणून ह्या यंत्राचे नाव फरक-यंत्र पडले.

१८२२ साली त्यांनी लहानसा नमुना करून दाखविला. १८२३ साली इंग्लंडच्या सरकारने पैसे दिले. १८२४ साली खगोल मंडळाने त्यांना सुवर्णपदक दिले. जोसेफ क्लेमंट ह्या कुशल कारागिराकडे काम सोपविले गेले. पहिल्यापासूनच बॅबेज यांच्या मनात यंत्राने आकडा काढावा आणि आपणच छापावा असे होते. मध्ये माणसाचा हात नको. पहिले दार बंद करून तिसरे उघडे ठेवले तर चोर तिथून येणारच.

यंत्राचे काम चालू असतानाच त्यांनी १८२७ साली १ ते १,०८,००० पर्यंतच्या आकड्यांच्या लॉगॅरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली. ही जुन्या रीतीने, माणसांच्या हातून तपासून घेतलेली. पण त्यांची पाने कशी दिसावीत ह्याचा त्यांनी केलेला विचार पाहून मी थक्क झाले. वाचणाऱ्याचे डोळे कशाने शिणतात, ओळ चुकते कशी, हे त्यांनी बारकाईने पाहिले. पुढे १८३१ साली त्यांनी ह्याच कोष्टकांची दोन पाने दीडशेच्या आसपास निरनिराळ्या रंगांच्या कागदांवर, निरनिराळ्या रंगांच्या शायांनी छापून घेतली. त्याचे २१ खंड झाले. कोणत्या कागदावर कोणती शाई डोळ्यांना सुखावह होते, एवढ्यासाठी हा खटाटोप! बाहेरून पाहणाऱ्याला हे वेड वाटेल. मला त्यात काळजी दिसली. रात्री हलत्या जहाजावर कंदिलाच्या उजेडात ते पान वाचणारा खलाशी ह्या माणसाला आपल्या घरात बसून दिसत होता.

पण हेच १८२७ साल त्यांच्या संसाराला काळ ठरले. त्या एका वर्षात वडील गेले, चार्लस नावाचा मुलगा गेला, पत्नी जॉर्जियाना गेली आणि नुकतेच जन्मलेले बाळही गेले. बॅबेज तेव्हा ३५ वर्षांचे होते. मन इतके खचले की ते घर सोडून वर्षभर युरोपात हिंडत राहिले. धाकट्या हेन्रीचे बालपण बरेचसे आजीजवळच गेले. पुढे मुलगी जॉर्जियाना हीही तरुण वयातच वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रांत बायकोच्या वाट्याला दोन ओळी येतात; जॉर्जियानाच्याही वाट्याला तेवढ्याच आल्या आहेत. पण ती गेल्यानंतर ह्या माणसाचा स्वभाव तापट व भांडखोर झाला असे चरित्रकार सांगतात. म्हणजे तिच्या असण्याने त्या घराची घडी नीट बसलेली होती, हे तिच्या जाण्यानेच सिद्ध झाले.

परत आल्यावर काम पुढे सरकले, पण रखडत. १८३२ साली यंत्राचा एक लहान भाग जुळून तयार झाला. त्यात सुमारे २,००० सुटे भाग होते आणि तो बिनचूक चाले. पूर्ण यंत्राला २५,००० भाग लागणार होते. १८३३ साली पैशाच्या आणि कारखाना हलविण्याच्या प्रश्नावरून क्लेमंट यांच्याशी बिनसले आणि काम बंद पडले. १८४२ साली सरकारने ह्या यंत्रावर कायमचे पाणी सोडले. तोवर सरकारचे १७,००० पौंडांवर खर्च झाले होते; तेवढ्या पैशात त्या काळी आगगाडीची वीसएक इंजिने आली असती. तयार झालेले हजारो भाग पुढे मोडीत गेले.

लोक चेष्टा करू लागले तेव्हा बॅबेज यांनी आईचा सल्ला विचारला. त्या म्हाताऱ्या माउलीने, एवढे पुढे आला आहेस तर मीठभाकर खाऊन राहावे लागले तरी बेहत्तर, पण हाती घेतलेले सोडू नकोस, अशा अर्थाचा उपदेश केला. मुलाचे यंत्र तिला कितपत कळत होते कोण जाणे. मुलगा मात्र तिला पुरता कळत होता.

दरम्यान त्यांच्या मनात आणखी मोठे यंत्र आकार घेत होते. फ्रान्समधील जॅकार्ड यांच्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमाने रेशमी कापडावर वेलबुट्टी उठत असे. तसेच पुठ्ठे लावून यंत्राला हवे ते गणित सांगता येईल, हे बॅबेज यांनी ताडले. हे त्यांचे विश्लेषक यंत्र. आज आपण प्रोग्रॅम म्हणतो त्याचे बीज इथे आहे. कवी बायरन यांची मुलगी एडा, म्हणजे लेडी लव्हलेस, हिने हे यंत्र उत्तम जाणले आणि १८४३ साली त्यावर विस्तृत टिपणे प्रसिद्ध केली. ती तीन मुलांची आई होती आणि प्रकृतीने नाजूक. १८५२ साली, ३६ व्या वर्षी ती गेली.

१८४७ ते १८४९ ह्या काळात बॅबेज यांनी दुसरे फरक-यंत्र कागदावर रेखाटले. पहिल्याहून कितीतरी सुटसुटीत. ह्याला जोडलेले छपाईचे यंत्र हा माझ्या लेखाचा गाभा आहे. हिशेबाचा आकडा तयार झाला की तो दोन ठिकाणी उमटे. एक तर कागदाच्या गुंडाळीवर शाईने, तपासण्यासाठी. आणि त्याच वेळी ओल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या थाळ्यांत ठसा, लहान आणि मोठ्या अशा दोन मापांच्या अंकांत. गणपतीच्या मूर्तीमुळे हे प्लास्टर आपल्याला ठाऊकच आहे. त्या साच्यात धातू ओतला की छपाईचा पत्रा तयार! मध्ये जुळारी नाही, सुटा खिळा नाही, पडणे नाही, खोचणे नाही.

आणि पानाची मांडणी? तीही आधी ठरवून यंत्रालाच सांगायची. दोन ओळींत अंतर किती, पानावर रकाने किती, रकान्यांच्या कडेला जागा किती सोडायची. आकडे एकाखाली एक उतरत जाऊन तळाशी पोचले की शेजारच्या रकान्याच्या माथ्यावर यायचे, की आडवे जाऊन ओळ भरली म्हणजे खालच्या ओळीवर यायचे, हेही निवडता येई. इतकेच नव्हे तर ठरावीक ओळींनंतर एक ओळ कोरी सोडण्याचीही सोय होती. का, तर वाचणाऱ्याची नजर घसरू नये! ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके मोजून घेते आणि मगच रेघ ओढते. ठिपका चुकला की सारी रांगोळी बिघडते. बॅबेज यांनी चाके आणि दांडे ह्यांना ते ठिपके मोजायला शिकविले. हेच छपाईचे यंत्र विश्लेषक यंत्रालाही जोडता यावे अशी योजना होती.

१८५२ साली हे नकाशे सरकारपुढे ठेवले गेले. सरकारने नकार दिला. यंत्र कागदावरच राहिले. स्वीडनमधील गेओर्ग व एडवर्ड श्यूत्झ ह्या बापलेकांनी बॅबेज यांच्या यंत्राची माहिती वाचून आपले स्वतःचे फरक-यंत्र केले, आणि १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. तेही छपाईसाठी ठसे काढीत असे. त्याच्या प्रतीवर केलेली काही कोष्टके १८६४ साली इंग्लंडच्या आयुर्मानाच्या पुस्तकात आली. आयुर्विम्याच्या हिशेबाला अशी कोष्टके लागतात. बॅबेज भांडखोर म्हणून प्रसिद्ध. पण इथे त्यांनी जराही मत्सर केला नाही. त्या दोघांचे त्यांनी तोंड भरून कौतुक केले. आपले स्वप्न दुसऱ्याच्या हातून पुरे झालेले पाहून आनंद मानणे सोपे नाही, भगिनींनो.

म्हातारपणी ते रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशी भांडण्यात पुष्कळ वेळ घालवीत. पोरेटोरे त्यांना चिडवीत. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी लंडनच्या डॉर्सेट स्ट्रीटवरील घरी त्यांचा अंत झाला. हिंदुस्थानात बंगालच्या फौजेत नोकरी केलेल्या हेन्रीने पुढे वडिलांचे कागद १८८९ साली पुस्तकरूपाने छापले, आणि विश्लेषक यंत्राचा एक भागही करविला. आजीजवळ वाढलेल्या मुलानेच बापाचे ऋण फेडले.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने बॅबेज यांच्या नकाशांवरून दुसरे फरक-यंत्र प्रत्यक्ष बांधले. हिशेबाचा भाग १९९१ साली, त्यांच्या जन्माच्या दोनशेव्या वर्षी, पुरा झाला आणि चालला. छपाईचा भाग २००२ साली पुरा झाला. मिळून ८,००० भाग, वजन सुमारे पाच टन; आणि त्यांतले निम्मे भाग छपाईचे! म्हणजे जितकी बुद्धी हिशेब करायला लागते, तितकीच तो जागच्या जागी मांडायला लागते. ज्यांनी ते रेखाटले त्यांनी ते डोळ्यांनी कधी पाहिले नाही.

आज आपल्या घरी येणारे विजेचे बिल, मुलांची गुणपत्रिका, यजमानांचे पगारपत्रक हे सारे यंत्रच छापते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मथळा, ठरावीक ओळींनंतर नवे पान, रुपयांखाली रुपये आणि पैशांखाली पैसे, शेवटी बेरीज, हे कोणीतरी आधी बसून ओळ अन् ओळ मोजून यंत्राला सांगितलेले असते. एकदा एका बँकेत माझे पासबुक छापून मिळाले तेव्हा ओळीवर ओळ चढलेली होती आणि शिल्लक किती ते वाचता येईना. पैसे बरोबर होते, हिशेबही बरोबर होता. पण रोजंदारीवरून आलेली एक बाई माझ्या पुढे होती, तिच्या पुस्तकाचेही तसेच झालेले, आणि ती दोनदा तेच पान उलटसुलट करून गप्प घरी गेली. आपले पैसे गेले की आहेत, हे विचारण्याचे तिला धैर्य झाले नाही. सुवाच्य ओळ ही काही शोभेची वस्तू नाही. ज्याला विचारायला संकोच वाटतो त्याचा तो आधार आहे.

म्हणून मला बॅबेज आपले वाटतात. हिशेब शहाण्यांनी केला तरी तो वाचणार कोण, ह्याचा विसर त्यांनी पडू दिला नाही. एक ओळ कोरी सोडण्यासाठी ज्याने चाके योजिली, त्याने ती परक्या माणसाच्या थकलेल्या डोळ्यांसाठी योजिली. घरात, मंडळात, कचेरीत अशी कितीतरी कामे नीट असतात तोवर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. ती करणाऱ्यांना हा लेख मी मनोभावे अर्पण करते.